डिझाइन आणि भरवसा: बेळगावात कामाला येणारी माणसं नेहमी विचारतात ते प्रश्न

नमस्कार. मी बेळगावात डिझाइन आणि छपाईचं काम करतो. दुकानाचे बोर्ड, मिठाईचे बॉक्स, मसाल्याची लेबलं, सोसायटीचे फॉर्म, मंडळाची पावतीपुस्तकं, जे येईल ते. खानापूर, निपाणी, चंदगडकडनंपण माणसं येतात आणि प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, म्हणून एकदा बसून सगळी उत्तरं इथं लिहून काढली. काही लांबलीत, जिथं मला मनापासून बोलायचंय तिथं.

चांगलं डिझाइन केलं की लोक विश्वास ठेवतात, हे खरंय का?

खरंय, पण अर्धं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग आणि त्यांच्या टीमनं २००२ मध्ये २,६८४ लोकांना वेबसाइटी दाखवल्या आणि विचारलं की यातली कुठली खरी वाटते, का वाटते. लोकांनी जे लिहून दिलं त्यात सगळ्यात जास्त वेळा, साधारण ४६ टक्के शेऱ्यांमध्ये, दिसण्याचाच विषय होता, म्हणजे मांडणी, अक्षरं, रंग असलं. नंतर २००६ मध्ये कॅनडात गिटे लिंडगार्ड यांनी दाखवलं की पान आवडलं का नाही हे माणूस ५० मिलिसेकंदांत ठरवून टाकतो, म्हणजे पापणी लवायच्याही आधी. त्यामुळं दिसण्याला महत्त्व नाही असं कुणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही.

पण हे झालं पहिल्या नजरेचं. माणूस दुसऱ्यांदा येतो तेव्हा बॉक्स बघून येत नाही, मागच्या वेळी बॉक्सवर जे लिहिलेलं ते खरं निघालं का हे आठवून येतो.

मग विश्वास बसतो तरी कशानं?

माझ्या इतक्या वर्षांच्या कामातनं मला एवढंच कळलंय की गिऱ्हाइकाला नेमकी भीती कसली वाटतेय ते आधी शोधायचं, आणि ती भीती जिथं वाटते त्याच जागी तिचं उत्तर छापायचं. दुसऱ्या पानावर नको आणि खाली बारीक अक्षरातही नको.

आपल्या गावातलंच बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान टाकलं, किर्लोस्कर रोड त्यांच्याच नावाचा. पुढं त्यांनी लोखंडी नांगर केला तर शेतकरी घ्यायला तयार होईनात, कारण लोकांना वाटायचं की लोखंडानं जमीन नासेल, विषारी होईल. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. आता विचार करा, त्या शेतकऱ्याला तुम्ही 'मजबूत', 'टिकाऊ', 'सर्वोत्तम' असं किती जरी सांगितलं असतं तरी काय उपयोग होता? त्याचा प्रश्न मजबुतीचा नव्हताच, त्याचा प्रश्न जमिनीचा होता. माझ्याकडं येणारी निम्मी जाहिरात अशीच असते, विचारलेल्या प्रश्नाला सोडून भलत्याच प्रश्नाचं उत्तर देणारी.

आमचा कुंद्याचा बॉक्स एकदम रिच दिसला पाहिजे. काय करता येईल?

यात मी स्वतः चुकलोय, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका मिठाईवाल्यांचा बॉक्स केला होता. फोटो इंटरनेटवरनं घेतला, वर काजू-पिस्ता भरभरून, सोनेरी बॉर्डर, बॉक्स दिसायला एक नंबर झाला. दोन महिन्यांत त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा पुण्याहून फोन आला, 'मागच्या वेळचा कुंदा चांगला होता, आता त्यातले काजू काढून टाकलेत काय?' कुंदा तोच होता हो. काजू आधीपण नव्हते. बदललेलं होतं ते फक्त चित्र, आणि त्या चित्रानं त्यांच्या हातचा चांगला माल कमी दर्जाचा करून टाकला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं कारण त्यांनी माझ्यावर सोडलेलं सगळं. पुढची छपाई मी पदरचे पैसे घालून करून दिली, त्यांच्याच कढईतला कुंदा ताटलीत काढून खिडकीच्या उजेडात फोटो काढला, तपकिरी, रवाळ, जसा असतो तसा.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. बॉक्स करायच्या आधी दुकानात तासभर उभा राहतो आणि गिऱ्हाईक काय विचारतंय ते ऐकतो. संध्याकाळी रात्रीच्या बसनं मुंबई-पुण्याला जाणारी माणसं येतात आणि सगळ्यांचे प्रश्न ठरलेले, 'उद्यापर्यंत टिकेल ना?', 'फ्रीजमध्ये ठेवायला लागेल काय?', 'आजचाच आहे ना?' दुधाचा पदार्थ आहे, भीती रास्त आहे. मग हेच तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं झाकणावर मोठ्या अक्षरात. कधी केला, कधीपर्यंत खायचा, कसा ठेवायचा.

तारखेबद्दल एक कामाची गोष्ट. चकचकीत लॅमिनेशनवर रबरी शिक्का मारला की शाई धरत नाही, बोटानं पुसली जाते, आणि पुसलेली तारीख बघितली की माणसाला पहिली शंका येते की ही मुद्दाम पुसली असणार. म्हणून डिझाइन करतानाच कोटिंग न केलेली एक पांढरी चौकट सोडायला सांगा. आणि सुटी मिठाई असली तरी १ ऑक्टोबर २०२० पासून ट्रेसमोर 'कधीपर्यंत खावी' ही तारीख लावायचा नियम आलेला आहे, तर ती पाटीपण नीट करून घ्या, खडूनं घाईघाईत लिहिलेली नको.

'१००% शुद्ध', 'विश्वासाचं दुसरं नाव' असं मोठ्या अक्षरात टाकू का?

टाकू नका असं मी सांगतो, ऐकणं न ऐकणं तुमच्यावर. हे वाक्य शेजारच्या दुकानावरपण आहे, त्याच्या शेजारच्यापण.

त्यापेक्षा गिऱ्हाइकाला स्वतः तपासता येईल असं काहीतरी द्या. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी परवान्याचा, १४ आकडी नंबर कोपऱ्यात लपवू नका, वाचता येईल असा टाका. सोन्याचं दुकान असेल तर बघा, हॉलमार्कच्या दागिन्यावर आता सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर, असतो, १ एप्रिल २०२३ पासून त्याच्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि तो नंबर बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये कुणालाही घालून बघता येतो. माझ्या एका सराफ गिऱ्हाइकांनी काउंटरवर एवढीच पाटी ठेवलीय: 'दागिन्यावरचा नंबर ॲपमध्ये घालून बघा, भिंग इथं ठेवलंय.' शेजारी खरंच भिंग ठेवलंय, दोरी बांधून. मी केलेल्या कामातलं हे सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात आवडलेलं काम.

बोर्डावर कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही बसवायचंय. कसं करायचं?

आपल्या भागातला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि लोक दबक्या आवाजात विचारतात.

आधी कायद्याचं. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या बोर्डावर ६० टक्के भाग कन्नडचा लागतो आणि तो वरच्या अर्ध्यात. तो तसा करायचाच, त्यात पळवाटा शोधत बसला तर दंड तर होतोच आणि दारात रोज कटकट.

आता डिझाइनचं. बऱ्याच ठिकाणी काय होतं, मालक मराठी असला तर कन्नड ओळ कशीतरी उरकून टाकलेली असते, गूगलवरनं उचललेली, आणि मालक कन्नड असला तर मराठी ओळीचं तेच. वाचणाऱ्याला हे लगेच कळतं हो. कन्नडमध्ये जोडाक्षराचा अर्धा भाग खाली लटकतो, ओत्ताक्षर म्हणतात त्याला, आणि ओळींत अंतर कमी ठेवलं की तो खालच्या ओळीत घुसतो किंवा चुकीच्या फॉन्टमुळं बाजूला पडतो. कन्नड वाचणारा माणूस ते बघून बोलत काही नाही पण त्याला जे कळायचं ते कळतं, की ह्यांना आपण नुसते कायद्यापुरते पाहिजे आहोत. आणि आपल्याला 'आमच्याकडे' ऐवजी 'हमारे यहाँ'चं शब्दशः मराठी वाचायला मिळालं की आपल्यालाही तेच वाटतं की नाही?

म्हणून माझा नियम असा की दोन्ही ओळी त्या त्या भाषेच्या माणसाकडनं वाचून घेतल्याशिवाय छपाईला सोडत नाही. आमच्या गल्लीतले एक कन्नड शिक्षक मला तपासून देतात, मी त्यांच्या मुलाचं मराठी बघतो. फॉन्टसाठी दोन्ही लिपी एकाच घराण्यातल्या घ्या म्हणजे बोर्ड एका हातानं लिहिल्यासारखा दिसतो. एक टाइप या मुंबईच्या मंडळींचा 'बालू' आहे, त्याचा कन्नड भाऊ 'बालू तम्मा' आहे, त्यांचाच 'अनेक' आहे ज्यात देवनागरी-कन्नड दोन्ही मिळतात, आणि 'नोटो'मध्ये तर सगळंच आहे. हे सगळे फुकट मिळतात. फक्त दोन्हीला एकच पॉइंट साइज देऊन मोकळे होऊ नका, कन्नड अक्षर गोल आणि देवनागरी शिरोरेषेला टांगलेलं, त्यामुळं आकडा सारखा असला तरी डोळ्याला लहानमोठं दिसतं. रस्त्याच्या पलीकडं उभं राहून बघायचं आणि ठरवायचं.

पत्त्यात बेळगाव लिहू, बेळगावी लिहू का बेलगाम?

१ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, त्यामुळं इंग्रजी आणि कन्नड पत्त्यात ते. मराठी मजकुरात बेळगाव. पिन कोड न चुकता टाका, कुरिअरवाला शेवटी तोच बघतो.

मराठी मजकुराला फॉन्ट कुठलापण चालतो ना?

नाही चालत. मराठी ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे लिहितात, आपल्या डोळ्याला शाळेपासून त्यांची सवय आहे, आणि बऱ्याच फॉन्टमध्ये न सांगता हिंदी वळणाचे येतात. काही फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की आपोआप बदलतात, तेवढं बघा. दुसरं 'ऱ्य'. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन वेगळे शब्द आहेत, एक समुद्र आणि एक डोंगरातल्या. फॉन्टमध्ये तो अर्धा र नसला तर शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या पाटीवर 'शेतकरी' बरोबर आणि 'शेतकऱ्यांचा' मोडलेला, असं मी बघितलंय. तिसरं, जुन्या फाइली. पंधरा वर्षांपूर्वी श्रीलिपी या जुन्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं तसंच आताच्या युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून आणतात आणि मधे काना-मात्रा गळालेल्या असतात. पुन्हा टाइप करा, तेच लवकर होतं.

क्यूआर कोड नुसता चिकटवला की झालं ना? त्यात कसलं डिझाइन?

त्यात खूप आहे. माणूस स्कॅन करतो, स्क्रीनवर नाव येतं, आणि ते नाव दुकानाचं नसतं. दुकान 'श्री गणेश ट्रेडर्स' आणि नाव येतं मालकाच्या बायकोचं, किंवा भावाचं, कारण खातं त्यांचं असतं. त्यात काही गैर नाही पण गिऱ्हाइकाचा अंगठा तिथं थांबतो. कोडवर दुसराच कोड चिकटवून पैसे पळवल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या आहेत. मग तो विचारतो, 'हे नाव बरोबर आहे का?', गर्दीच्या वेळी दिवसातनं शंभर वेळा तुम्ही 'होय होय' म्हणता.

कोडच्या खाली एक ओळ छापा: 'स्कॅन केल्यावर हे नाव दिसेल', आणि ते नाव बँकेत जसं आहे अगदी तसं. झालं. कोड जाड ॲक्रिलिकच्या आत बसवा म्हणजे वरनं कुणी दुसरा चिकटवला तर तुमच्यापण लगेच लक्षात येतं. आणि जागा असेल तर अजून एक ओळ, 'पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही', कारण यूपीआयचा पिन फक्त पैसे द्यायला लागतो आणि हे अजून आपल्याकडच्या कितीतरी मावशी-काकांना कुणी नीट सांगितलेलं नाही.

आमच्या सोसायटीचा फॉर्म लोक नेहमी चुकीचा भरतात. लोकांना समजत नाही हो.

एकाच रकान्यात रोज दहा जण चुकत असतील तर चूक रकान्याची आहे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००० सालची अध्यक्षाची निवडणूक, फ्लोरिडा राज्यातली पाम बीच काउंटी. तिथं मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं समोरासमोर दोन पानांवर आणि भोकं पाडायची जागा मधे, अशी मांडणी केलेली. हेतू चांगला होता, वयस्कर मतदारांना अक्षर मोठं दिसावं म्हणून नावं दोन पानांवर पसरली होती. पण डावीकडं दुसरं नाव अल गोर यांचं आणि दुसरं भोक मात्र उजवीकडच्या पॅट ब्युकॅनन यांचं. ब्युकॅनन यांना तिथं ३,४०७ मतं पडली, त्यातली बरीच गोर यांना द्यायची होती असं अभ्यासकांनी दाखवलं. आणि सगळ्या फ्लोरिडात जिंकलेल्या बुश यांचं गोर यांच्यावरचं मताधिक्य होतं ५३७. एका कागदाच्या मांडणीवर केवढं काय अवलंबून होतं बघा.

मी सोसायटीच्या फॉर्मसाठी एवढंच करतो, पहिला नमुना साध्या कागदावर काढतो आणि पाच सभासदांना भरायला देतो, शेजारी गप्प बसतो. पेन जिथं अडतं तिथं खूण करतो. एकदा 'वारसदाराचे नाते' या रकान्यात चार जणांनी स्वतःच्या वडिलांचं नाव लिहिलं, कारण वरच्या ओळीत 'वडिलांचे नाव' होतं आणि दोन्हीत मोकळी जागाच नव्हती. एक रेघ मारली, प्रश्न संपला. ठेवीच्या फॉर्मवर मुदतीआधी पैसे काढले तर किती कापणार हे व्याजदराच्या शेजारीच आणि त्याच साइजमध्ये लिहा. तिथं अक्षर बारीक केलं की माणूस ठेव तर ठेवतो, पण तुमच्याबद्दल घरी जाऊन काय बोलतो ते तुम्हाला ऐकू येत नाही.

मंडळाच्या पावतीपुस्तकाला कसलं डिझाइन?

अनुक्रमांक, स्थळप्रत, अक्षरी रक्कम. आणि मागच्या वर्षी किती जमले, किती खर्चले, हे पावतीच्या मागं छापा. मागच्या पाठीवर जागा रिकामीच असते.

डोळ्यांना दिसणारा पुरावा माणसाला पटतो. मतदान केल्यावर डाव्या तर्जनीला शाई लावतात ना, ती आपल्याच राज्यात, म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात होते, १९६२ च्या निवडणुकीपासून. अक्षर न वाचता येणारा माणूसपण दुसऱ्याचं बोट बघून सांगू शकतो की ह्याचं मत झालं.

पाकिटाला सील लावणं महाग पडतं. बचत गटाचा मसाला आहे, नाही लावलं तर?

लावाच. १९८२ मध्ये शिकागोत टायलेनॉल या गोळ्यांच्या बाटल्यांत कुणीतरी सायनाइड मिसळलं आणि सात माणसं गेली, तेव्हापासून उघडलं तर कळेल अशी सीलं जगभर रुजली. आपल्या मसाल्यात कोण काय घालणार, असं तुम्हाला वाटेल. पण खानापूरच्या बायकांनी घरी कांडलेला मसाला निपाणीतली अनोळखी बाई घेते तेव्हा तिला तुमचं घर, तुमचा उखळ, तुमचा हात काही दिसत नाही, दिसतं ते फक्त तोंड बंद आहे का नाही.

लेबलवर नियमानं लागणारी माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते, जोडीला मराठी आणि कन्नड खुशाल टाका.

दवाखान्यासाठी आतले बोर्ड करायचेत. फ्लेक्स चालेल?

कशावर छापायचं ते नंतर बघू. मी आईला घेऊन एका मोठ्या दवाखान्यात गेलो होतो, नाव नको. रक्त तपासायची खोली शोधत तीन वेळा वर-खाली झालं. बोर्ड होते, पण दार आलं की दाराच्या वर. जिन्यापाशी, जिथं डावीकडं का उजवीकडं हे ठरवायचं असतं, तिथं काहीच नाही. आई मराठीच वाचते, लिहिलेलं इंग्रजीत. शेवटी जिन्यावर बसली आणि म्हणाली, 'यांना आपलं औषध तरी नीट देता येईल का रे?' डॉक्टर चांगले होते, नंतर कळलं. पण आईचा भरवसा त्या जिन्यावरच गेला होता आणि पुढं सहा महिने ती प्रत्येक गोळी मला दोनदा विचारून घ्यायची.

म्हणून दवाखान्याचं काम आलं की मी आधी दारापासून चालत जातो. जिथं पाय थांबतो तिथं बोर्ड. खोल्यांना नंबर द्या, आणि आकडे इंग्रजी ठेवा कारण बसचा नंबर, फोनचा नंबर यामुळं ते सगळ्यांना येतात. 'पॅथॉलॉजी'च्या शेजारी 'रक्त-लघवी तपासणी' असं साधं लिहा, थेंबाचं चित्र काढा.

'आज शेवटचा दिवस' असा फ्लेक्स वर्षभर ठेवला तर कोण विचारतंय?

विचारत कुणी नाही, फक्त खरा सेल लावाल तेव्हा कुणी येत नाही. ऑनलाइन विकत असाल तर अजून एक लक्षात ठेवा, ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या अशा १३ युक्त्यांविरुद्ध नियम काढलेत. खोटी घाई दाखवणं त्यात आहे, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं आहे, आधी कमी किंमत दाखवून शेवटी चार्जेस वाढवणंपण आहे.

दुकानाचा जुना बोर्ड वडिलांच्या काळातला आहे. बदलू का?

अक्षर बदलू नका. हातानं रंगवलेलं ते वळण लोकांच्या डोळ्यात तीस-चाळीस वर्षं बसलंय, गल्लीतली म्हातारी माणसं पत्ता सांगताना त्याचीच खूण सांगतात. फोटो काढून आणा, आपण त्याच अक्षरावरनं नवीन करू, उजेड चांगला देऊ, फोन नंबर वाचता येईल असा करू.

फोटो आणि लोगो एआयनं करून घेतला तर स्वस्त पडेल ना?

कल्पना बघायला घ्या. मालाचा फोटो मात्र तुमच्याच मालाचा, वर कुंद्याचं सांगितलंच.

चुकीचं छापून गेलं, पाच हजार बॉक्स आहेत. आता?

वजन, किंमत किंवा तारखेची चूक असेल तर तो माल थांबवा, त्यावर नियम कडक आहेत. बाकी कसली असेल, म्हणजे फोन नंबर वगैरे, तर पांढरा स्टिकर सरळ लावा आणि दिसू दे. लोक स्टिकरला नावं ठेवत नाहीत, स्टिकरखाली काय लपवलंय असं वाटलं की ठेवतात, म्हणून त्यावर 'नवीन नंबर' एवढं लिहा.

कामाला येताना काय घेऊन येऊ?

आवडलेल्या डिझाइनचे स्क्रीनशॉट नंतर बघू. गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकांनी तुम्हाला काउंटरवर काय काय विचारलं ते एका कागदावर लिहून आणा, जसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत, कन्नडमध्ये विचारलं असेल तर कन्नडमध्ये. काउंटरवर मुलगा बसत असेल तर त्याला विचारा, त्याला जास्त माहीत असतं. आणि माल सोबत आणा, उजेड असेपर्यंत, म्हणजे पाचच्या आत.